नमुन्याचं घर

तालुक्याच्या स्टँडवर आमच्या गावाची गाडी कधी लागेल हे कंट्रोलरलाही सांगता येत नाही, आणि विचारलं तर तो आपल्यावरच चिडतो. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. चाकणहून सकाळीच निघालेली मी, पिशवीत आईसाठी घेतलेली शाल आणि तिळाच्या वड्या, बाकावर बसून बसून कंटाळले. मग उठले आणि स्टँडच्या मागच्या बाजूनं उगाच चालत सुटले. कुठं जायचं हे काही ठरवलं नव्हतं. पाय आपले पंचायत समितीच्या आवारात शिरले आणि कडुलिंबाखाली येऊन थांबले.

नमुन्याचं घर अजून तिथंच होतं.

हे घर कुणाच्या मालकीचं नाही. घरकुल मिळणाऱ्या माणसांना आपलं घर केवढं होईल, कसं दिसेल, हे आधी डोळ्यांनी बघता यावं म्हणून आवारातच बांधून ठेवलेलं. एक खोली, तिच्या कोपऱ्यात स्वयंपाकाचा कट्टा, पुढं लहानशी ओसरी, मागं न्हाणी. त्यात कधी कुणी राहिलं नाही, कुणी जन्मलं नाही, कुणी भांडलं नाही. आता ओसरीच्या फटींतून गवत उगवलंय. दाराची कडी तुटलीय. आत मोडक्या खुर्च्या, कुठल्याशा मोहिमेचे गुंडाळलेले फलक आणि रोपांच्या काळ्या पिशव्यांचा ढीग. भिंतींच्या पिवळ्या रंगाचे पोपडे निघालेत. मी आत डोकावले आणि तोच वास आला. बंद सिमेंटचा, जरासा ओलसर, थंड. घर म्हणून जो वास माझ्या नाकात पहिल्यांदा बसला, तो हाच. पुढं आमचं स्वतःचं घर झालं, त्याला चुलीचा, कांद्याचा, नानांच्या तंबाखूचा वास लागला. पण पहिला वास तो पहिलाच.

आमचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डीच्या कोरड्या डोंगरांकडं. दिवाळी झाली की आमची ऊसतोडीची टोळी उत्तरेला निघायची, पुणतांब्याच्या बाजूला, गोदावरीकाठच्या रानात. इकडं हंडाभर पाण्यासाठी बायकांची जुंपायची आणि तिकडं आम्ही पोरं पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचो. मला लहानपणी वाटायचं, उन्हाळा हे एक गाव आहे आणि हिवाळा हे दुसरं, आणि मधे नुसता रस्ता आहे.

हिवाळ्याच्या गावातलं आमचं घर म्हणजे कोपी. बांबू वाकवून त्यावर चटई आणि उसाचं पाचट टाकायचं, झाली कोपी. आई ती दुपारच्या आत उभी करायची. आधी एकच प्रश्न विचारायची, "औंदा किती जन?" त्या हंगामाला जेवढी माणसं आली तेवढीच कोपी. एका वर्षी मावशी बरोबर आली, तर कोपी हातभर वाढली. पुढच्या वर्षी मावशी आली नाही, तर हातभर आखडली. जास्तीची जागा आई कधी ठेवायची नाही. "मोकळी जागा गार पडती," म्हणायची. आणि पडायचीच. नदीकडून धुकं यायचं, ते चटईच्या फटींतून आत शिरून बसायचं, आणि कोपीत कुठं रिकामं असेल ते बरोबर शोधून काढायचं. म्हणून माणसाला माणूस लागून झोपायचं. कडेला नाना, म्हणजे माझे वडील. मग माझा धाकटा भाऊ बाळू, मग मी, आणि दाराच्या अंगाला आई. तिच्या पाठीवर वारा आणि पोटाशी मी.

पहाटे पाचटातून दव ठिबकायचं. गाड्या जुंपल्या जात असायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, लांबवर कारखान्याचा भोंगा, आणि वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस गोड वास. तो वास लोकांना नको वाटतो, नाकाला रुमाल लावतात. मला मात्र कारखान्यावरून जाताना अजून बसची खिडकी उघडावीशी वाटते. शेजारची माणसं वैतागतात, पण त्यांना काय सांगणार?

कोपीचं दार ठेंगणं असायचं, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. वाकल्याशिवाय आत जाताच यायचं नाही. आम्हाला ती सवय चालायला शिकण्याच्या बरोबरीनं लागलेली. हंगाम संपला की चटई आणि बांबू गाडीत टाकायचे आणि पाचट तिथंच सोडून यायचं. गावाकडं चुलत्याच्या भिंतीला टेकवलेलं पत्र्याचं छप्पर होतं, त्याला घर म्हणायला आई तयार नव्हती. छपराशेजारची मोकळी जागा तेवढी नानांच्या नावावर होती, तेच नशीब.

घरकुलाचं वारं गावात आलं तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. त्या दिवसांत घरकुलाची माहिती नसलेला माणूस आमच्या गावात सापडत नव्हता, आणि एकाची माहिती दुसऱ्याच्या माहितीशी जुळत नव्हती. देवळाजवळ कळायचं की यादी लागली. गिरणीवर दळण ठेवायला गेलं की कळायचं, लागलेली यादी रद्द झाली. आमच्या टोळीच्या मुकादमानं तर ठासून सांगितलं, "कोपीत ऱ्हानाऱ्याला मिळत न्हाई. बारा म्हैने एका जाग्यावर ऱ्हावं लागतं." नाना प्रत्येकाचं मान हलवत ऐकून यायचे आणि प्रत्येकाकडं चहा पिऊन यायचे.

"माहिती लई गोळा झाली," आई म्हणायची. "आता एवढा च्या पिऊन झोप लागंल का, तेवढं कुनाला तरी इचारून या."

शेवटी ग्रामसेवकांनी सांगितलं, तालुक्याला जा, तिथं नीट कळेल. आम्ही बाजारच्या दिवशी सगळेच आलो. नानांनी ऑफिसच्या पायरीशी चपला काढल्या आणि तिथंच उभे राहिले. आतून माणसं येत होती, जात होती. कुणी काय काम आहे म्हणून विचारलं नाही आणि नानांनी कुणाला हटकलं नाही. बाजार उठला तसे आम्ही परतलो. पुढच्या बाजारीही तेच. तिसऱ्या वेळी कडुलिंबाखाली बसलेल्या शिपाईमामांना राहवलं नाही.

"काय वो, हितं नवस बोललाय का?" ते म्हणाले. "घरकुलाचंच ना? मंग आधी घर तरी बघा की!" आणि त्यांनी पिवळ्या घराकडं बोट केलं.

आई आत जाताना वाकली. दार चांगलं उंच होतं, नानांच्या पागोट्यावरही वीतभर उरेल एवढं. पण आई वाकली, तिच्या मागून नाना वाकले, बाळू आणि मीही वाकून गेलो. शिपाईमामा मागून ओरडले, "अवो, ताठ जावा! दार उंच केलंय सरकारनं!" आणि आवारातली माणसं हसली. आईही हसली. पण बाहेर येताना पुन्हा वाकलीच.

त्या घराच्या ओसरीत एक ताई टेबल टाकून बसलेली असायची. घरकुलांचं काम बघणारी इंजिनिअर. चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं सावकाश. ऑफिसच्या पायऱ्या चढायला लोक बुजतात, पण घरात यायला कुणी बुजत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून बाजारच्या दिवशी ती आपलं टेबलच इथं आणायची. कुठला कागद कुठून काढायचा, यादीत नाव कसं शोधायचं, पाया झाला की काय करायचं, भिंती झाल्या की कुणाला कळवायचं, सगळं सांगायची. समजलं नाही तर पुन्हा सांगायची. मुकादमाची माहिती तिनं एका वाक्यात मोडीत काढली. "हंगामाला गेलात म्हणून गाव सुटत नाही, नाना. तुमचं नाव इथलंच."

ते ऐकून नाना खाली बसले.

आईचे प्रश्न मात्र वेगळेच असायचे. धूर कुठनं जातो? पावसाची झड दारातून आत येती का? कोंबड्या कुठं बसायच्या? ताई हसायची नाही. कट्ट्यावरची झरोक्याची जागा दाखवायची, कोंबड्यांसाठी ओसरीचा कोपरा सुचवायची. आई भिंतीला तळहात लावून उभी राहायची. तिला भिंतीवरची अक्षरं वाचता येत नव्हती, पण तिनं ते घर हातानं वाचून काढलं होतं.

मग यादीत नाव आलं, कागद झाले, तरी आमचं तिथं जाणं सुटलं नाही. बाजार करून आम्ही त्या घरात टेकायचो. आईनं एके दिवशी कोपऱ्यातला मोडका खराटा उचलला आणि घर झाडायलाच घेतलं.

"बाई, हे नमुन्याचं घर हाय, कुनाचं न्हाई," शिपाईमामा म्हणाले.

"कुनाचं न्हाई म्हनून त्यात केर पडू द्यायचा व्हय?"

तेव्हापासून दर बाजारी ती आधी घर झाडायची आणि मग भाकरी सोडायची. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, बाळूसाठी कागदात बांधलेली शेव. बाहेर गुरांच्या बाजाराची धूळ, कोथिंबिरीच्या जुड्यांचा ओला वास, भांडीवाल्याची टणटण, आणि आत गारवा. मी भिंतीला पाठ लावून बसायचे. खिडकीखालची एक जागा मी मनाशी ठरवून टाकली होती. इथं माझी गोधडी. इथं खिळा, त्याला दप्तर. खिडकीतून ऊन येईल ते बरोबर वहीवर येईल. मी हे कुणाला बोलले नव्हते. बोलल्यावर अशा गोष्टी विरून जातात असं मला वाटायचं.

आमच्या घराची आखणी झाली तेव्हा दसरा होऊन गेलेला. टोळी निघायला थोडेच दिवस राहिले होते. त्याआधी पाया भरून, पुढचा हप्ता मिळावा म्हणून, त्याचा फोटो ताईकडून जायला हवा होता. नाहीतर काम हंगामभर पडून राहणार, आणि गावात एकदा पडून राहिलेली कामं कशी पडूनच राहतात हे आम्ही बघत होतो. गवंड्यानं सकाळी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. आई बाहेर उभी राहून बघत राहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"लई मोठं व्हतंय," ती म्हणाली.

गवंडी हसला. पण आई आत गेली ती गोधड्यांचा भारा घेऊनच आली. दोरीच्या आतल्या मातीवर तिनं एकेक गोधडी अंथरली, कोपी बांधायच्या आधी अंथरायची तशी. "हितं तुमी. हितं मी. हितं बाळू. आन् हितं उद्याच्याला बाळूची बायकू." बाळू तेव्हा पाढे पाठ करत होता. तो लाजून चुलत्याच्या घरामागं पळाला. सगळे हसले.

"आन् मी?" मी विचारलं.

"तू काय हितं ऱ्हायाला हायेस व्हय? तू जाशील तुज्या घरी," आई म्हणाली. आमच्याकडच्या बायका लेकींना म्हणतात तसंच, सहज, हसत, हातातलं काम न थांबवता.

मग शेवटच्या गोधडीच्या पलीकडं उरलेल्या पट्टीकडं तिनं पाहिलं. "ही जागा उगाच गार पडंल," म्हणाली, आणि गवंड्याला खुंट्या आत घ्यायला लावल्या. माझ्या हातातली दोरी सैल झाली आणि पुन्हा ताणली गेली. गेलेली पट्टी मी मनाशी ठरवलेली, खिडकीखालचीच होती. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. मला रागही नीट आला नव्हता. आपण मोजलेच गेलो नाही, एवढंच आत कुठंतरी गार पडत गेलं.

पाया भरला. ताई स्कूटीवरून आली, टेप धरला, पुन्हा धरला, आणि चष्मा काढून पुसत बसली.

"मावशी, घर लहान केलंत."

"भागतंय की तेवढ्यात."

"तुमचं भागेल, पण ठरलेल्या मापापेक्षा लहान घर धरत नाहीत. मला हा फोटो पुढं पाठवता येणार नाही."

"म्या सांगितलं हुतं," गवंडी म्हणाला, "पन बाई ऐकती का?" नाना दगडाच्या ढिगावर बसून तंबाखू मळत राहिले, मळून झाल्यावरही मळत राहिले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. घर हातात येऊन निसटतंय हे तिला कळत होतं, पण रिकामी जागा मुद्दाम बांधायची, हे काही तिच्या मनाला पटत नव्हतं.

ताई रागावली नाही. गाडीला किक मारता मारता म्हणाली, "बाजारच्या दिवशी सगळे या. आणि मावशी, गोधड्या घेऊन या."

त्या बाजारी आम्ही गोधड्यांचा भारा घेऊन एसटीत चढलो तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "हंगामाला निघालात का?" नमुन्याच्या घरात आईनं आधी झाडून घेतलं. ताई ओसरीतून उठून आत आली. "आता झोपा बघू सगळे. घरी झोपता तसे."

नाना लाजले. दाराशी माणसं गोळा व्हायला लागली होती. पण ताई हटेना, तेव्हा ते पागोटं उशाला घेऊन आडवे झाले. शेजारी बाळू, त्याला तर मजाच वाटत होती. त्याच्या पलीकडं आईनं बाळूच्या बायकोची गोधडी अंथरली आणि तिच्या कडेला स्वतः टेकली. मी दाराशीच उभी होते.

"आणि ही?" ताईनं विचारलं.

आईनं गोधडीचा कोपरा ओढून सारखा केला.

"ही माहेरी आल्यावर कुठं झोपायची, मावशी?"

कोपीत पाहुणा कधी मुक्कामाला येत नाही. माहेरपणाला आलेली लेक आईनं कुठल्याच कोपीत पाहिली नव्हती. तिची स्वतःची आई सगळा जन्म कोपीतच राहिली होती, तेव्हा आईला तरी माहेराला जाऊन पाठ टेकायला जागा कुठं मिळाली असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. आई नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या पलीकडं खिडकीखाली पट्टीभर फरशी रिकामी होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. आईनं त्या उन्हावर हात ठेवला, कोपीत पहाटे जागा गार पडली का चाचपून बघायची तसा.

"ये," ती म्हणाली.

मी वाकूनच आत गेले आणि तिच्या कडेला आडवी झाले. वर पाचट नव्हतं, पांढरं सपाट छत होतं, लांब, उंच. बाहेर भांडीवाला टणटण करत होता. आईचा हात माझ्या कपाळावर होता आणि त्याला लसणाचा वास येत होता. ते घर कुणाचं नव्हतं हे मला माहीत होतं. पण तेवढ्या वेळापुरतं ते आमचं होतं आणि मीही त्यात मोजलेली होते.

दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर ती पायाच्या बाहेर उकिडवी बसून दगडानं खुंट्या ठोकत होती, गवंड्याची वाट न बघता. भरलेला जुना पाया तिथंच मातीत राहिला आणि खिडकीच्या अंगाला त्याच्या बाहेरून नवा आला. टोळी निघायच्या आधी फोटो गेला. ताईनं तो काढताना आम्हाला सगळ्यांना पायावर उभं केलं आणि आईनं मला ओढून पुढं घेतलं.

घर झालं. मग माझं लग्नही झालं. कोबा वाळून दोन-तीन पावसाळे गेले तसं आतला मुरूम जरा बसला, आणि गाडलेल्या जुन्या पायाच्या ओळीवर जमिनीत एक भेग आली. सरळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नाना ती सिमेंटनं बुजवतात, ती पुन्हा उघडते.

कंट्रोलरच्या शिट्टीनं मी भानावर आले. मोडक्या खुर्च्यांच्या मधली जरा मोकळी फरशी पायानं साफ केली आणि पळत जाऊन गाडी पकडली.

गावात उतरले तेव्हा दुपार कलली होती. शेतांतून हुरड्याचा वास येत होता. बाळू बायको घेऊन हंगामाला गेलाय, त्याच बाजूला, त्याच नदीकाठी. ज्यांच्या गोधड्या आईनं मोजल्या होत्या ती दोघं यंदाही कोपीत आहेत. नानांचे गुडघे गेल्यापासून ते आणि आई घरीच असतात. घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. ज्वारीची पोती, बाळूचं कपाट, सुनेचं शिलाई मशीन, कांद्याची टोपली, सगळं एकावर एक चढवलेलं. नाना पोत्यांच्या मधे अंग चोरून बसले होते. आणि भेगेच्या पलीकडं, खिडकीखाली, पट्टीभर जमीन रिकामी होती. स्वच्छ झाडलेली. भिंतीत खिळा होता आणि त्याला काही अडकवलेलं नव्हतं.

"बघ," नाना कुरकुरले, "वरीसभर तिथं साधं घमेलं ठिवू देत न्हाई. माजं पायबी तिकडं गेलं तर ओरडती."

"नमुन्याच्या घरात गेल्ते, आई," मी म्हणाले.

"झाडलंय का कुनी?" तिनं विचारलं.

मी मान हलवली नाही, पण तिला कळलं. ती चुकचुकली आणि गोधडी काढायला वळली. मोकळी जागा गार पडते म्हणून जिनं कधी हातभर कोपी जास्तीची बांधली नाही, त्या माझ्या आईनं ती पट्टी वर्षभर माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. आईनं गोधडी अंथरली, तिचे कोपरे ओढून सारखे केले.

"पड घटकाभर. दमली आसशील."

मी आडवी झाले. जमीन गार नव्हती, खिडकीतून दुपारभर ऊन तिथंच पडत होतं. आई भेगेच्या त्या अंगाला बसून माझ्याकडं बघत होती.

"पुरती का गं?" तिनं विचारलं. दर वेळी विचारते.

"पुरती," मी म्हणाले, आणि तिच्यासाठी जरा भिंतीकडं सरकले.